भयपटातला गोंगाट आणि विनोदातला उसना हशा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी माणसाला भयपट जमत नाही आणि टीव्हीवरचा विनोद आता पाहवत नाही, अशी दोन वाक्ये सोलापुरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. आपल्या पुरवणीच्या वाचकांनाही ती पाठ असतील. मला ती पटत नाहीत. लेखक आहेत, नट तर हवे तेवढे आहेत. बिघडला आहे तो आवाज. भीती काय किंवा हसू काय, दोन्हीच्या आधी एक रिकामा क्षण लागतो. तो क्षण बनवणारे पार्श्वसंगीताने भरून टाकतात आणि उरलेला आपण कूलर, ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या चुकीच्या सेटिंगने घालवतो.

भयपट आणि विनोदी मालिका ही दोन टोके वाटतात, पण त्यांचे कारागीर एकच असू शकतात. कार्ल फ्रॉइंड या छायाचित्रकाराने १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ चित्रित केला, पुढच्याच वर्षी ‘द ममी’ दिग्दर्शित केला आणि १९५१ पासून ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकन विनोदी मालिकेची प्रकाशयोजना सांभाळली. प्रेक्षक समोर बसलेले आणि तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, म्हणून त्यांनी दिवे वर टांगले, जमीन मोकळी ठेवली आणि सगळीकडे सारखा उजेड पाडला. विनोदात चेहरा, हात, पाय सगळे एकदम दिसावे लागते. भयपटात काय दिसू द्यायचे नाही हे आधी ठरवावे लागते. हिशेब एकच, फक्त उलटा मांडलेला.

आधी भयपटाचे पाहू. दचकणे, भिणे आणि किळस येणे ही मराठीत तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि ती वेगळीच ठेवली पाहिजेत. दचकवणे सर्वांत सोपे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री बागेच्या कडेने एकटी चालते आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो, मग तो थांबतो. संगीत नाही. ती वळून पाहते, चालण्याचा वेग वाढवते, आणि एकदम फिस्सकन आवाज होतो. समोर बस येऊन थांबलेली असते. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. तो आवाज फार मोठा नाही. त्याच्या आधीची शांतता मोठी आहे. दचका मोजायचा तो शांतता आणि आवाज यांच्यातल्या अंतराने. आपल्याकडे हे अंतरच शिल्लक राहत नाही. दार उघडायच्या वीस सेकंद आधीपासून व्हायोलिन चढू लागते, मग ढोल, मग किंकाळी. प्रेक्षक पहिल्या सुरालाच सावध होऊन बसतो, आणि शेवटी जे होते त्याने त्याचे कान दुखतात, भीती वाटत नाही.

दैनंदिन मालिकांत हे आणखी वाईट होते. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा मजकूर उरतो आणि प्रत्येक जाहिरातीआधी एक झटका हवा असतो. रोज तीन झटके, आठवड्याला अठरा. मग तोच चेहरा तीन बाजूंनी, तीच वीज, तेच कुत्र्याचे रडणे. दुसऱ्या आठवड्यात घरातले लहान मूलसुद्धा आता काय होणार ते आधी सांगते. भीतीला वाट पाहायला लावावे लागते, आणि दररोजच्या मालिकेत वाट पाहायला जागाच नसते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की भयकथा मराठीत मालिकेपेक्षा नव्वद-शंभर मिनिटांच्या चित्रपटातच चांगली रुजते.

आणि रुजली आहेच. विशाल फुरिया यांचा २०१७ चा ‘लपाछपी’ घ्या. त्यांनीच २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. भीती कुठे आहे? उसाच्या फडात, तीही भर दिवसा. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला याचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. पंढरपूर-माळशिरस पट्ट्यात तोडीला आलेला ऊस दोन पुरुष उंच असतो. आत शिरले की तीन-चार फुटांपलीकडे दिसत नाही, वारा पडलेला असला तरी पाचट सळसळत राहते, आणि माणूस चालतो आहे की जनावर हे आवाजावरून ओळखता येत नाही. पडका वाडा आणि वटवाघळे यांच्यापेक्षा ही जागा कितीतरी जास्त भिववते, कारण ती खरी आहे. ‘तुंबाड’ हिंदीत आला, पण त्याची माती, पाऊस आणि हावरटपणा महाराष्ट्रातलाच, आणि त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यातला पाऊस पाइपने पाडलेला वाटत नाही. खऱ्या पावसाळ्यांत थांबून चित्रण केल्याचा तो परिणाम आहे.

सोलापुरात हल्ली अनेक मुले मोबाइलवर भयपटाचे लघुपट करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी नेमकेपणाने सांगतो. चित्रणाच्या प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून किमान तीस सेकंद, जमल्यास मिनिटभर, नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. संवाद कापून जोडताना मध्ये ही ‘रूम टोन’ भरली नाही तर आवाज तुटतो आणि पोकळ जागा लगेच कळते. मोबाइलमधली आवाजाची ऑटो सेटिंग बंद करा. ती शांततेत माइक आपोआप चढवते, मग शांततेच्या जागी सूं-सूं ऐकू येते आणि दचका बसायच्या वेळी तीच सेटिंग आवाज दाबून टाकते. दचक्याआधी आठ-दहा सेकंद पार्श्वसंगीत पूर्ण थांबवा, कमी करून भागत नाही. दचक्याचे चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर पाडा. आवाज पाच-सहा फ्रेम आधी पडला तर डोळा सावध होतो, उशिरा पडला तर हसू येते. उसाच्या फडात चित्रण करायचे तर ऑक्टोबरअखेरच्या आत उरका, कारखाने सुरू झाले की फड राहत नाही. पानाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून नटांच्या हातांची काळजी घ्या. फडात मुद्रित केलेला आवाज वाऱ्याने खराब झाला तर घरी कडब्याची पेंढी माइकजवळ हळू चोळा. तो आवाज पाचटाच्या फार जवळचा येतो.

याच संदर्भात एक सुचवावेसे वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातले कापडाचे यंत्रमाग अजून कुणी भयपटात नीट वापरलेले नाहीत. मागांचा खटखटाट चालू असतो तोवर कुणाचे लक्षही जात नाही. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले की जी शांतता पडते, तिच्यासाठी एक पैसाही पार्श्वसंगीतावर खर्च करायची गरज नाही.

आता विनोदाकडे येतो. रंगमंचावरच्या नटाला ‘हशा घेणे’ म्हणजे काय हे शिकवावे लागते. पंच पडला की हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. तो उतरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे. चढत्या हशावर बोलले तर शब्द बुडतात, पूर्ण विरल्यावर बोलले तर गाडी पुन्हा ढकलून सुरू करावी लागते. हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या विनोदी नाटकाचा चांगला प्रयोग रंगतो तेव्हा नट हेच करत असतात, आणि त्याच नाटकाचे चित्रीकरण घरी पाहताना ते रंगत नाही, कारण हशाचा आवाज खाली आणि संवाद वर करून त्यातला श्वास काढून टाकलेला असतो.

टीव्हीवरच्या प्रहसनांत उलटी चूक होते. प्रत्येक ओळीनंतर ‘टॉइंग’ किंवा ‘ढँण’, लगेच परीक्षकांचा हसताना जवळून घेतलेला चेहरा, त्यावर प्रेक्षकांचा हशा. विनोद आठ-दहा मिनिटांचा असेल तर त्यातली दीड-दोन मिनिटे दुसऱ्यांना हसताना पाहण्यात जातात. तोटा वेळेपुरता नाही. कॅमेरा परीक्षकाकडे गेला त्या दोन सेकंदांत मंचावरच्या नटाने जो दुसरा, न बोललेला विनोद केला, तो आपल्याला दिसतच नाही. भुवई उंचावणे, ग्लास उचलून तो रिकामा असल्याचे लक्षात येणे, हे सगळे हरवते. आणि गुणी नट बिचारा हळूहळू ते करणेच सोडून देतो.

उसना हशा ही अमेरिकन टीव्हीची १९५० पासूनची सवय. चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने वेगवेगळ्या हशांच्या टेपचे एक यंत्रच बनवले होते. कळ दाबली की गालात हसणे, दुसरी दाबली की खदखदून. पण तिथेही शहाण्या निर्मात्यांनी मर्यादा घातली. युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. तिच्यात उसना हशा होता, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत नव्हता, आणि ब्रिटनमध्ये तर ती हशाशिवाय दाखवली गेली. दोन्ही रूपे पाहिली तर हशा काढल्यावर विनोद जास्त बोचरा होतो. मराठी वाहिन्यांनी महिन्यातून एक भाग तरी असा दाखवून पाहावा, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

चांगल्या विनोदी मालिकेची माझी परीक्षा सोपी आहे. आवाज पूर्ण बंद करून पाच मिनिटे पाहावी. कोण कुणावर रागावले आहे, कोण काय लपवते आहे हे कळत असेल तर लेखन आणि अभिनय भक्कम आहे. मग डोळे मिटून पाच मिनिटे ऐकावी. प्रत्येक पात्र आवाजावरून नव्हे तर बोलण्याच्या पद्धतीवरून ओळखू आले पाहिजे. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या दोन्ही परीक्षांना उतरते. आजोबा, मुलगा, सून, नातवंडे प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो आणि त्या बरोबर असण्यातूनच गंमत होते. साडी नेसलेल्या पुरुषाची किंवा जाड माणसाची गरज तिथे पडत नाही.

बोलण्यावरून सोलापुरी बोलीचा विषय काढावाच लागेल, कारण प्रहसनांत ती हल्ली फार येते आणि फार चुकीची येते. वाक्याच्या शेवटी ‘बे’ चिकटवले की सोलापुरी झाले असा समज दिसतो. ‘बे’ बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणतात. जावई सासऱ्याला ‘काय बे’ म्हणतो असे प्रहसनात दाखवतात, तसे इथे कुणी म्हणत नाही. मोठ्यांना ‘काय ओ मामा’. ‘काय करतोयस’ला ‘काय करलालास’ म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात पुणेरी ‘करतोय’ म्हणणार नाही. आणि इथल्या बोलण्याचा खरा गोडवा सुरात आहे. कन्नड आणि तेलुगू शेजारामुळे वाक्याचा शेवट जिथे वर जातो तिथे पंच आपोआप बसतो. हे शिकायला लेखकाने दोन दिवस बाजारात उभे राहावे. तेवढे कष्ट घेतले तर हसणे माणसावर न होता माणसाबरोबर होईल.

आता पाहणाऱ्यांचा वाटा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना कूलर बंद करा असे सांगणे अन्यायाचे आहे, पण कूलरचा आवाज साध्या बोलण्याच्या आवाजाच्या जवळ जातो हेही खरे. संवाद ऐकू यावेत म्हणून आपण आवाज वाढवतो, मग किंकाळी आली की शेजारी उठतात, लगेच आवाज कमी, पुन्हा संवाद ऐकू येत नाही. रिमोटशी चाललेल्या या झटापटीत भयपट संपतो. उपाय असा: चित्रपटाआधी तासभर कूलर जोरात चालवून खोली गार करा, मग वेग सर्वांत कमी ठेवा किंवा नुसता पंखा लावा. टीव्हीतला ‘नाइट मोड’ मात्र भयपटासाठी लावू नका. तो हळू आवाज वर आणतो आणि मोठा खाली दाबतो, म्हणजे वर सांगितलेले अंतरच पुसतो. घरातले झोपले असतील तर हेडफोन बरा. विनोदी मालिकेला नाइट मोड चालतो.

संवाद दबण्याचे आणखी एक कारण फार जणांना माहीत नसते. ओटीटीवर आवाजाचा पर्याय ५.१ वर, म्हणजे सहा स्पीकरांच्या मांडणीवर असतो आणि आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच असतात. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. ते दोन स्पीकरांत वाटताना अनेकदा मागे पडतात आणि संगीत पुढे येते. पर्यायांत ‘स्टिरिओ’ असेल तर तो निवडा, फरक पहिल्याच मिनिटात कळेल. बहुतेक सपाट टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल आणि खाली कपाटावर विणलेले कापड अंथरलेले असेल तर आवाज त्यात मुरतो. ते कापड काढा.

चित्रासाठी: दुकानात भडक दिसावे म्हणून लावलेला ‘विविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड घरी तसाच राहतो. तो बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. चित्र आधी पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळा रुळतो. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने दिलेली असते, ती बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मध्ये आपल्या फ्रेम घुसवतो आणि उत्तम भयपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. वीज वाचवणारी आपोआप उजेड बदलणारी सेटिंगही बंद, नाहीतर अंधारातल्या प्रसंगात पडदा आणखी मंद होतो. मग एखाद्या काळोख्या दृश्यावर चित्र थांबवा. ‘ब्राइटनेस’ इतका वाढवा की काळे करडे दिसेल, आणि तिथून एकेक अंक खाली या. काळ्या कपड्याच्या चुण्या दिसेनाशा होण्याच्या एक पायरी आधी थांबा. खोलीत समोरची ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवला तर डोळे शिणत नाहीत आणि काळोखही काळा राहतो.

एवढे करूनही काळोखात चौकोन चौकोन दिसत असतील तर दोष टीव्हीचा नाही. इंटरनेटवरून येणारे चित्र दाबलेले असते आणि दाबताना पहिली काटछाट अंधाऱ्या भागात होते. भयपट आधी सर्वोच्च दर्जात डाउनलोड करून ठेवा. उपशीर्षके लावायची तर साधी लावा. कर्णबधिरांसाठीच्या उपशीर्षकांत ‘मागे दार करकरते’ असे आधीच छापून येते. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती आवश्यकच, इतरांची मात्र भीती तिथेच संपते. आपल्या शहरातल्या अनेक घरांत तेलुगू आणि कन्नड कळते. त्यांनी त्या भाषांतले भयपट डब करून पाहू नयेत. डबिंगमध्ये संगीत आणि इतर आवाज मूळ राहतात, पण श्वास, कुजबूज आणि हुंदका स्टुडिओत नव्याने घेतलेला असतो, आणि भयपटातला निम्मा अभिनय तिथेच असतो.

चित्रपटगृहांबद्दल थोडक्यात. पडद्यावरच्या उजेडाचे प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट ठरलेले आहे, आवाजाच्या यंत्रावर ७ हा अंक म्हणजे बनवणाऱ्यांनी आवाजाचे मिश्रण ज्या पातळीवर केले ती पातळी. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की उजेड घटतो, आणि एका प्रेक्षकाने तक्रार केली की आवाज पाचावर येतो. दोन्ही भयपटाला मारक आहे. दारावरचे ‘बाहेर’चे दिवे सुरक्षिततेसाठी हवेतच, पण त्यांचा उजेड पडद्यावर पडणार नाही अशी पट्टी लावता येते. परदेशी भयपटांना मध्यंतर नसते, ते आपल्याकडे कुठेही तोडतात. चालकाने चित्रपट एकदा पाहून, दिवसाच्या एखाद्या प्रसंगानंतर मध्यंतर ठेवावे.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. शुक्रवारच्या परीक्षणात कथा आणि तारे असतात. त्याखाली दोन ओळी वाढवाव्यात: सेन्सॉरचे प्रमाणपत्र कोणते, लांबी किती मिनिटे, मूळ भाषेत खेळ शहरात आहे का, मध्यंतर कुठे येते. टीव्हीवर लागणाऱ्या भयपटांच्या यादीतही प्रमाणपत्र छापावे. प्रौढांसाठीचा चित्रपट वाहिनीवर दाखवायचा तर त्यातले प्रसंग कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते कापलेले रूप पाहून ‘यात घाबरण्यासारखे काय आहे’ असे मत लोक कायमचे करून घेतात. मूळ लांबी छापलेली असली तर किती मिनिटे गेली हे वाचकाला घरबसल्या ताडून पाहता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
सोलापूर